काय विशेष?

मे महिन्यात नागपुरात चॉकलेट विकत आणायचं म्हणजे बर्फाची लादी उघड्या रिक्षातून नेण्यातला प्रकार. घरी काय पोचेल ते नशीब. इतवारीतून 200 ग्रॅम डार्क चॉकलेट घेतलं आणि ऑटोने गोकुळपेठेत येईस्तोवर पिशवीत नुसता लगदा. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. अंगातल्या उष्णतेपेक्षा हे जरासं कमी, म्हणूनच तर ते जिभेवर ठेवताच विरघळतं. पण ज्या गावात हवाच 45 च्या घरात, तिथे त्याने जिभेची वाट कशाला बघावी?

हा सगळा उपद्व्याप प्रोटीनपायी. मुलगा बावीस वर्षांचा. वर्षभरापासून जिमला जातो आणि तेव्हापासून आमच्या घरात जेवणाला चव कमी आणि ग्रॅम जास्त. "यात प्रोटीन किती?" हे तो वरणाला विचारतो, उसळीला विचारतो. एकदा तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही विचारलं. ठेलेवाला शांतपणे म्हणाला, "चणे मोजून देऊ का भाऊ?" मी हसले खरी, पण पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझाही कागद बघून तेच सांगितलं: गोड कमी करा, प्रोटीन वाढवा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन सांगते. माझ्या 60 किलोला पन्नास ग्रॅम झाले. वजन 60 आहे असं मी धरून चालते.

प्रोटीन वाढवायला माझी ना नव्हती. गोड सोडायला होती. म्हणून ठरवलं, दोन्ही एकाच वाटीत बसवायचं.

पहिल्या दिवशी फुटाणे दळून त्या लगद्यात कालवले आणि लाडू वळले. त्यांच्याबद्दल एवढंच सांगते की टाळूला चिकटलेला लाडू सोडवायला ह्यांना दोन पेले पाणी लागलं.

मग चक्क्यावर आले. लिटरभर दुधाचं दही लावलं. थंडीत चक्का रात्रभर नळाला टांगला तरी चालतो, मे महिन्यात दोन तासांत त्याचा आंबट गोळा होतो. म्हणून चाळणीवर मलमलचं फडकं, त्यात दही, वर झाकण, त्यावर वरवंटा, आणि हे सगळं लटांबर फ्रिजमध्ये. सासूबाई पाणी घ्यायला उठल्या होत्या. फ्रिजमध्ये वरवंटा बघून म्हणाल्या, "आता पाटाही ठेव माय आतमंदी."

सकाळी चक्का छान घट्ट झाला होता. खाली भांड्यात जमलेलं पाणी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कणकेसाठी उचललं. तेवढ्यात पोरगा त्याच्या भल्यामोठ्या डब्यातून चमचा भरून पावडर काढत होता. डब्यावर लिहिलं होतं 'व्हे'. म्हणजे हेच की! दूध फाटलं किंवा दही टांगलं की जे पाणी सुटतं ते. चीजच्या कारखान्यांतलं हे पाणी गाळून, आटवून, वाळवून त्याची पावडर करतात. आमच्या भांड्यातल्या पाण्यात प्रोटीन अगदीच थोडं असतं, त्यामुळे सासूबाईंच्या पोळ्या खाऊन कोणाचे दंड फुगणार नाहीत. पण त्या डब्याच्या किमतीत वर्षाची कणीक येते, हेही खरं.

खरी गोम कोकोत आहे. कोको थंड चक्क्यात थेट टाकला की त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही फेटलं तरी मोडत नाहीत. तीन चमचे कोको आधी चाळून घेतला, मग उकळत्या पाण्यात कालवून त्याची पेस्ट केली. गरम पाण्याने त्याचा वासही खुलतो, सगळा ओटा चॉकलेटी होऊन जातो. आठ-दहा खजूर भिजवून वाटले. मूठभर भाजलेले शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले, कारण नुसता चक्का आणि कोको म्हणजे आंबटात कडू, त्याला काहीतरी स्निग्ध हवंच. चिमूटभर मीठ घातलं. मिठाने कडवटपणा दबतो. हे न घालता एकदा चाखून बघा, म्हणजे मीठ विसरायचं धाडस पुन्हा होणार नाही.

तरी काहीतरी कमी होतं. मग आठवलं, फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री खाल्ली तेव्हा साली वाळवून, कुटून डब्यात भरल्या होत्या. चॉकलेटशी संत्र्याची फार जुनी मैत्री. चिमूटभर टाकली.

"ते तर तोंडाले लावाचं होय ना वं?" सासूबाई दारातूनच ओरडल्या.

"तोंडातच जाणार आहे, आई."

पाच वाट्या झाल्या. फ्रिजमध्ये दोन तास ठेवून बाहेर काढल्या तेव्हा चमचा उभा राहत होता. चव? श्रीखंडाचा एखादा शहाणा, जरासा अबोल चुलतभाऊ असावा तशी. पहिल्या चमच्याला वाटतं, साखर विसरली. तिसऱ्या चमच्याला संत्रं येतं. ह्यांनी वाटी खरवडली, ही त्यांची सगळ्यात मोठी दाद. सासूबाईंनी मात्र न बोलता डबा काढून वर चमचाभर पिठीसाखर भुरभुरली. पोराने कागद-पेन्सिल घेतली. दुधातले साधारण 32 ग्रॅम, त्यातले थोडे पाण्यात गेले, शेंगदाण्याचे सात, कोकोचे तीन, भागिले पाच. "आई, वाटीला साडेसात. एका अंड्यापेक्षा जरासंच जास्त."

मला त्या अंड्याचा राग आला.

आमच्याकडे गोडाला निमित्त लागायचं. पाडव्याला श्रीखंड, पोळ्याला पुरणपोळी, कोणी पास झालं की पेढे. एकदा निमित्त मिळालं की मोजदाद नव्हती. नको नको म्हणत असताना पानात आणखी एक वाढ पडायची आणि ती खाल्ल्याबद्दल कोणाला जबाब द्यावा लागत नसे. आता निमित्त नको, साध्या मंगळवारीही चॉकलेट चालतं, पण सबब हवी. ते मुळात गोड नाहीच, औषधच आहे, असं ताटात वाढताना शाबीत करावं लागतं. सणाला गोड खाणारा माणूस मला जास्त मोकळा वाटतो. मी स्वतः मात्र सबबवाली झाले आहे.

पाचवी वाटी वरच्या मजल्यावरच्या काकूंना नेली. दार उघडताच त्यांनी झाकण उचलून पाहिलं आणि चेहरा उजळला. "अगं बाई! काय विशेष वं?"

सत्तरीच्या बाईला दारात उभं राहून प्रोटीन काय सांगू? साडेसात ग्रॅम म्हणू? तोंडातून निघून गेलं, "पोरगा पास झाला ना!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू खाली आल्या. आमची वाटी रिकामी कशी परत करतील? वाटीत संत्रा बर्फी होती, शिगोशीग. पोरगा जिमची बॅग खांद्यावर टाकून निघतच होता. काकूंनी त्याला पायातल्या बुटांसकट वाकवून आशीर्वाद दिला, हातात 101 रुपयांचं पाकीट ठेवलं आणि बर्फीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. दोन्ही गाल भरलेले, बोलता येईना. कसाबसा एक घास गिळून त्याने माझ्याकडे बघितलं.

"आई, मी कशात पास झालो?"