मेरिडेन ते हिंकली : ट्रायम्फच्या दोन जन्मांमधला रस्ता

ट्रायम्फ ही ब्रिटिश मोटरसायकल पाहायला थेट तिच्या आजच्या कारखान्याला, हिंकलीला, जाऊ नका. आधी बर्मिंगहॅम विमानतळाजवळच्या बिकनहिलला नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये जा. तिथे फक्त ब्रिटिश गाड्या आहेत, आणि जुनी ट्रायम्फ नीट कळल्याशिवाय नवीचं मोल कळत नाही.

टाक्यांच्या रंगांत अडकू नका, खाली वाकून इंजिनं बघा. रचनाकार एडवर्ड टर्नरची १९३७ ची स्पीड ट्विन (४९८ सीसी) आणि १९५९ च्या हंगामासाठी आलेली ६५० ची बॉनव्हिल, दोन्हींत क्रँककेसचा (पिस्टनमुळे फिरणारा क्रँक जिच्यात असतो त्या पेटीचा) जोड उभा आहे. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या बाहेरून जातात आणि त्यांच्या टोकांना रबरी सील आहेत. तेल गळतं ते बहुधा या सीलांतून, रॉकर बॉक्समधून (व्हॉल्व्हच्या तरफांची पेटी) नाहीतर प्रायमरी चेनकेसमधून (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणाऱ्या साखळीची पेटी). दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होतात आणि कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नाही, म्हणून वेग वाढला की हँडल थरथरतं. अशी गाडी घ्यायची असेल तर क्रँकमधला स्लज ट्रॅप (तेलातला गाळ अडवणारी पोकळी) साफ झाला आहे का, हे आधी विचारा. तो गाळानं भरला की बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला) तेल पोचत नाही आणि इंजिन बसतं.

तिथून ए-४५ या रस्त्यानं आम्ही मेरिडेनला गेलो. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीतला कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर १९४२ मध्ये ट्रायम्फ इथे आली. १९७३ मध्ये मालकांनी कारखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा कामगारांनी तो अडवून धरला. १९७५ पासून त्यांनी सहकारी तत्त्वावर बॉनव्हिल बनवली आणि १९८३ पर्यंत तग धरला. आज तिथे घरं आहेत. बॉनव्हिल क्लोज, डेटोना ड्राइव्ह अशी रस्त्यांची नावं आणि एक स्मृतिफलक, एवढंच बघायला आहे.

हिंकली गाडीनं तिथून अर्ध्या-पाऊण तासावर. रेल्वेनं यायचं तर बर्मिंगहॅम-लेस्टर मार्गावर हिंकली स्टेशन आहे. कारखान्याला लागून असलेलं प्रदर्शन फुकट आहे. कारखान्याच्या आतल्या फेरीला मात्र तिकीट लागतं, ते आधीच काढा आणि सुरू असण्याचे वारही बघून घ्या.

माझ्या मते या प्रवासात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सुरुवातीच्या हिंकली गाड्यांना. घरं बांधणाऱ्या जॉन ब्लूर यांनी १९८३ मध्ये ट्रायम्फचं नाव आणि हक्क घेतले. जुनं इंजिन पुढे रेटायचा मोह त्यांनी टाळला. डेव्हनच्या लेस हॅरिस यांना परवान्यावर काही वर्षं जुनी बॉनव्हिल बनवू दिली आणि स्वतः नवा कारखाना, नवी यंत्रं उभी केली. १९९१ ला आलेल्या गाड्यांमागचं गणित सुंदर आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) सगळ्यांचा ७६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५५ किंवा ६५ मिमी, सिलिंडर तीन किंवा चार. एवढ्यावर ७४९, ८८५, ९९८ आणि ११८० सीसी अशी चार इंजिनं, बरेचसे भाग सारखे. कमी भांडवलात विस्तार करण्याचा याहून नेटका मार्ग मला माहीत नाही. या इंजिनांचा दुखरा भाग म्हणजे स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (स्टार्टरची फिरकी एकाच दिशेनं इंजिनाला देणारा भाग). बॅटरी कमजोर असताना स्टार्टर मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि क्लच जातो. बदलायला इंजिन उतरवून क्रँककेस उघडावी लागते, म्हणून बॅटरी कायम पूर्ण चार्ज ठेवावी.

वारसा परत आला तो पाय घट्ट रोवल्यावर, ७९० सीसीच्या बॉनव्हिलच्या रूपात. पुढे इंधन इंजेक्शन आलं, तेव्हा थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जुन्या कार्ब्युरेटरचं रूप दिलं. २०१६ च्या पिढीत पाण्यानं थंड होणारं इंजिन आणि २७० अंशांचा क्रँक (म्हणजे दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होत नाहीत) आला, तरी सिलिंडरवरचे पंख (हवेनं थंड होण्यासाठीच्या पातळ पट्ट्या) राहिले. मला हे आवडतं, कारण रूप जपताना आतल्या कामात कुठे तडजोड नाही.

तेच धोरण २०२३ पासून आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या स्पीड ४०० मध्ये दिसतं. इंजिनावर पंख असले तरी ३९८ सीसीचं हे इंजिन कूलंटनं (थंड ठेवणाऱ्या द्रवानं) थंड होतं. तेव्हा पंख बघून हवेवर थंड होणारी गाडी समजू नका. कूलंटच्या टाकीतली पातळी इंजिन गार असताना तपासा, आणि रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या हलक्या धारेनं काढा. जोराच्या फवाऱ्यानं त्याच्या बारीक पट्ट्या वाकतात.