गाठ आहे तिथंच आहे

परभणीत माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. काउंटरपलीकडून, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीला गेलो असताना लोकांनी मला एकच विचारलंय: "काका, तुम्ही गाठ काढून का नाही टाकली? शेक घ्यायचं कसं ठरवलं?" शेक म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणाचा तरी तसलाच रिपोर्ट नुकता आलेला असतो. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

माझ्या डाव्या कानाच्या नसेवर अकॉस्टिक न्यूरोमा आहे. रिपोर्टवर 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' लिहितात, तेही तेच. कानाकडून मेंदूकडं जाणारी आठवी नस ऐकण्याचं काम करते आणि तोलाचंही. तोलाच्या भागावर जे आवरण असतं, त्यातून ही गाठ वाढते. कॅन्सर नव्हे, अंगात दुसरीकडं पसरत नाही. वर्षाला लाखात एखाद-दोघांना निघते. पण जागा वाईट. हाडाची अरुंद नळी, आणि त्याच नळीतून चेहऱ्याची नसही जाते. गाठ नळीबाहेर वाढत गेली की मेंदूच्या बुंध्याला टेकते.

मला पत्ता लागला तो फोनमुळं. डाव्या कानाला फोन लावला की कंपनीच्या माणसाचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. तोच फोन उजव्या कानाला लावला की सगळं स्वच्छ. त्यात डाव्या कानात रात्रंदिवस रातकिडे. आधी मळ, मग सर्दी, मग 'वय झालं' अशी निदानं झाली, घरच्या लसणाच्या तेलाचीही पाळी येऊन गेली. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला, दोन कानांतला फरक पाहिला आणि शिरेत औषध सोडून करतात तो एमआरआय करायला लावला. गाठ 14 मिलिमीटरची. एकच कान मंदावतोय एवढ्यावरून एमआरआय लिहून देणारा डॉक्टर भेटणं, हेच निम्मं नशीब म्हणायचं.

मग घरात सल्लागारांची जत्रा भरली. आमच्याकडं शेक म्हटलं की संभाजीनगरचं कॅन्सर हॉस्पिटलच डोळ्यांसमोर येतं. त्यामुळं आईनं मला धरलं ते ऑपरेशनसाठी: "एकदाची काढून टाक बाबा, नको ते शेक." भाच्यानं उलटं, रात्रभर मोबाइलवर वाचून गामा नाइफचा, म्हणजे चिरफाड न करता बाहेरून गाठीवर किरणं सोडणाऱ्या यंत्राचा, धोशा लावला. आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की सध्या काहीच करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढा.

लोकांना सगळ्यात अवघड वाटतो तो हा भाग. डोक्यात गाठ आहे म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? पण या गाठी साधारण वर्षाला एक-दोन मिलिमीटरनं वाढतात, आणि कितीतरी गाठी वर्षानुवर्षं वाढतच नाहीत. नॉर्वेतल्या बर्गेनच्या डॉक्टरांनी 100 रुग्णांवर केलेला अभ्यास 2023 साली आला. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी असलेल्या 50 जणांना लगेच रेडिएशन, 50 जणांवर नुसती नजर. चार वर्षांनी नजरेखालच्यांपैकी 28 जणांना कसलाच उपचार लागलेला नव्हता. रेडिएशन घेतलेल्यांची गाठ जास्त आकसली, पण ऐकण्यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. तेव्हा कान वाचवायचा म्हणून घाईनं शेक घेणाऱ्याला मी तरी थांब म्हणेन. माझं हे होऊन गेल्यावर तो अभ्यास छापून आला, पण मला सल्ला मिळाला होता तो याच धर्तीचा.

पहिल्या फेरतपासणीत गाठ 15 निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन मिलिमीटरच्या आतला फरक मोजण्यातही होऊ शकतो, हिला वाढ म्हणायचं नाही. पुढच्या वेळी 18. आता ही वाढच होती. नुसती नजर ठेवण्याचे दिवस संपले.

ऑपरेशन की रेडिएशन, हे ठरवताना मी एक केलं आणि ते सगळ्यांना सांगतो: दोन्हीकडच्या डॉक्टरांना वेगवेगळं भेटलो. सर्जनला ऑपरेशन जवळचं वाटणार आणि रेडिएशनवाल्याला रेडिएशन. त्यात त्यांची लबाडी नसते, ज्याचा हात ज्यात बसलाय तेच तो सुचवणार. मी दोघांनाही तोच प्रश्न विचारला: माझ्या एवढ्या गाठीला, माझ्या वयाला, तुमच्या हातून चेहऱ्याचं काय होईल?

चेहऱ्याचं विचारण्याला कारण होतं. ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. गाठ मोठी, ऑपरेशन होऊन काही महिने झालेले. डावा डोळा मिटत नव्हता, त्यावर चिकटपट्टी लावून पापणी खाली ओढलेली. बाटलीतून पाणी पिताना ते ओठाची डावी कड बोटांनी दाबून धरत होते, तरी एक धार हनुवटीवरून सदऱ्यावर उतरली. खिशातून रुमाल काढून त्यांनी ती इतक्या सवयीनं पुसली की मला पुढचं काही विचारवेना. त्यांचा जीव त्या ऑपरेशननंच वाचला होता, हेही त्यांनीच सांगितलं.

सर्जन सरळ बोलले. गाठ पूर्ण निघण्याची शक्यता चांगली, चेहऱ्याच्या नसेला धोका गाठीच्या मापाप्रमाणं, ऐकू येणं टिकेल याची खात्री नाही, आणि कामावर परतायला दीड-दोन महिने. रेडिएशनवाले म्हणाले, शंभरातल्या नव्वदांहून जास्त गाठींची वाढ थांबते, चेहऱ्याला इजा होणं आजच्या मात्रेला विरळा, पण गाठ जाणार नाही. आणि कान? तो हळूहळू जाईलच असं धरून चला.

म्हणजे डावा कान दोन्ही रस्त्यांवर धोक्यात होता. हे एकदा मनाशी मान्य केलं आणि बाकीचं सोपं झालं. मला वाढ थांबवायची होती आणि चेहरा राखायचा होता. गाठ डोळ्यांनी बाहेर आलेली बघायची हौस आईला होती, मला नव्हती.

गामा नाइफचा धोशा लावणाऱ्या भाच्यानंच पुढं जुने लेख वाचून घातलेली भीतीही मधे होतीच. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल नावाच्या न्यूरोसर्जननी 1951 मध्ये चिरफाडीऐवजी किरणं वापरण्याची ही कल्पना मांडली, 1968 मध्ये पहिलं गामा नाइफ यंत्र आलं. सुरुवातीच्या काळात गाठीच्या कडेला 18-20 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) किंवा त्याहून जास्त मात्रा द्यायचे, त्यात चेहरे वाकडे व्हायचे, कान लवकर जायचे. पुढं ती 12-13 ग्रेवर आणली. तेव्हा त्या जुन्या लेखांतले आकडे वाचून कुणी छाती बडवू नये, ते वेगळ्या मात्रेचे आहेत.

प्रत्यक्ष दिवस सांगण्यासारखा फार नाही. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. सकाळी डोक्याला धातूची चौकट बसवली: कपाळावर दोन, मागं दोन असे चार स्क्रू, आधी भूल देण्याची इंजेक्शनं. दुखतं ते त्या इंजेक्शनांनाच, नंतर कचकचून दाब जाणवतो. चौकटीसह एमआरआय, मग डॉक्टर आणि फिजिसिस्ट संगणकावर किरणांचा आराखडा मांडेपर्यंत बसून राहायचं. कोबाल्टचे दोनशेच्या आसपास बारीक किरण वेगवेगळ्या बाजूंनी येऊन गाठीवर एकत्र होतात, त्यामुळं वाटेतल्या मेंदूला थोडंच लागतं. यंत्रात पडलो तेव्हा काही दिसलं नाही, भाजलं नाही. केस गेले नाहीत. सायबरनाइफसारख्या यंत्रांत चौकटीऐवजी जाळीचा मुखवटा असतो आणि मात्रा तीन ते पाच दिवसांत वाटून देतात. मृग तोंडावर असताना मी पुन्हा काउंटरवर उभा होतो. सोयाबीनच्या बियाण्याला झुंबड होती, आणि चौकटीच्या खुणा टोपीखाली झाकल्या होत्या.

खरी परीक्षा नंतर आली, आणि याबद्दल कुणीच नीट सांगत नाही. सहा महिन्यांच्या एमआरआयमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी दिसली. घरात रडारड. आई म्हणाली, "सांगत होते की नाही!" पण रेडिएशननंतर गाठ आधी सुजते, मधला भाग काळा पडतो, आणि ही सूज दीड वर्षापर्यंत, कधी त्याहून जास्तही राहते. डॉक्टरांनी हे आधीच लिहून दिलं होतं, म्हणून मी तग धरला. त्या सुजेला वाढ समजून कुणी लगेच ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नका. किरणं दिलेली गाठ नसेला चिकटते आणि काढायला जास्त अवघड जाते. पुढच्या तपासण्यांत माझी गाठ 16 वर आली आणि तिथंच आहे.

कान सांगितल्याप्रमाणं गेला. आवाज कुठून येतो ते कळत नाही. वसमत रोडवर हॉर्न वाजला की मी दोन्हीकडं बघतो. अंधारात बांधावरून चालताना हातात काठी लागते. गलका असेल तिथं मी भिंत डाव्या हाताला धरून बसतो. क्रॉस नावाचं श्रवणयंत्र मिळतं, ते बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवतं, पण दुकानातल्या गोंगाटात मला ते मानवलं नाही. रातकिडे आहेतच. शेकानं ते थांबतील म्हणून कुणी शेक घेऊ नये.

आणि हा माझा हिशेब सगळ्यांना लावू नका. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची गाठ साडेतीन सेंटिमीटरची होती, मेंदूतलं पाणी तुंबलेलं, चालताना झोक जायचा. तिथं रेडिएशनचा विषयच नव्हता, ऑपरेशन हाच रस्ता, आणि ती आज शाळेत शिकवते. तिशीतल्या माणसानंही वेगळा विचार करावा, त्याला पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या गाठीवर लक्ष ठेवायचंय. रेडिएशननं गाठ पुढं कॅन्सरची होण्याचा धोका अतिशय दुर्मीळ, पण शून्य नाही, आणि तरुणाला तो जास्त वर्षं सोबत न्यायचा असतो. दोन्ही कानांना गाठी असतील तर ते आनुवंशिक दुखणं, त्याचं शास्त्रच निराळं.

खर्च लाखांत जातो. सरकारी आरोग्य योजनेत बसतं की नाही ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, भरती झाल्यावर नव्हे.

माझ्याकडं यायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद आणू नका. एमआरआयची सीडी आणि ऑडिओग्राम डॉक्टरांना लागतात, ते सोबत ठेवायची सवय आत्ताच लावा. मी डॉक्टर नाही, कोणता उपचार घ्या हे सांगणार नाही. काय काय विचारायचं त्याची यादी करून देईन. जूनमध्ये येणार असाल तर दुपारी तीननंतर या, सकाळी पेरणीवाल्यांची गर्दी असते.