ब्राऊन एलमधला लोण्याचा वास

फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम भरात असतो. शनिवार-रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या वायनरींकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते आणि त्यातली बरीच मंडळी आमच्या ब्रूअरीच्या टॅपरूममध्येही, म्हणजे नळातून ताजी बिअर देणाऱ्या बारमध्येही, डोकावतात. म्हणून त्या शुक्रवारी ब्राऊन एल, म्हणजे आमची तपकिरी बिअर, केगमध्ये (स्टीलच्या पिंपांत) भरायची घाई होती. चव बघून ‘भरा’ म्हणायचं काम माझं. मी मूळची वाइनकडची, बिअरकडे नंतर आले.

टाकीतून काढलेला ग्लास दोन-तीन अंशांवर असतो. एवढ्या गारव्यात वास दबलेलेच राहतात. म्हणून मी ग्लास तळहातांत धरून बसते, दहा-बारा अंशांवर येईपर्यंत. ब्राऊन एलला तेवढा वेळ द्यावाच. आधी उजेडासमोर धरायची: गडद तपकिरी, कडेला लालसर झाक, वर बदामी फेस. मग वास: भाजलेले दाणे, बिस्किट, मागून टॉफीचा गोडवा. हा गोडवा क्रिस्टल माल्टचा. माल्ट म्हणजे मोड आणलेलं धान्य; क्रिस्टलसाठी ओलसर बार्लीच्या दाण्यातच स्टार्चची साखर होते, भाजताना तिचं कॅरॅमल होतं. चॉकलेट माल्ट त्याहून खरपूस, तो थोडासाच पुरतो.

त्या दिवशी गारवा उतरला तसं टॉफीच्या मागून आणखी काहीतरी वर आलं. जिभेवर किंचित तेलकट थर ठेवणारं. मी ब्रूअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, हाक मारली.

त्याने हुंगलं, घोट घेतला. “टॉफीच आहे, ताई. क्रिस्टल या वेळी जरा वाढवलाय.”

ब्राऊन एलमध्ये घोळ होतो तो इथेच. फिक्या बिअरमध्ये जो दोष लगेच उघडा पडतो, तो इथे टॉफीच्या आडोशाला बसतो. मला संशय होता डायअसेटिलचा, म्हणजे लोण्यासारखा वास देणाऱ्या संयुगाचा. यीस्ट स्वतःसाठी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवत असताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर झिरपतं. त्याला वास नसतो, पण हळूहळू त्याचंच डायअसेटिल होतं. लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी ते नाकाला कळतं. यीस्टला ऊब आणि सवड मिळाली तर तेच ते परत शोषून घेतं. घाईने गार केलं, तर मात्र आज बरी वाटणारी बिअर केगमध्ये बिघडते. वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक बॅक्टेरियामुळे हेच डायअसेटिल तयार होतं आणि शार्डने या पांढऱ्या वाइनमध्ये लोक त्याचं कौतुकही करतात. ब्राऊन एलमध्ये मला ते नको. इथला गोडवा माल्टचाच हवा.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. दोन झाकणाच्या बरण्यांत तीच बिअर घ्यायची. एक बरणी साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, म्हणजे पुढे व्हायचं ते आताच होतं. मग दोन्ही सारख्या गार करायच्या. तापवलेल्या बरणीचं झाकण मी उचललं आणि लोणी कढवताना घरभर होतो तसा वास आला.

ब्रूअरने दोन्ही हुंगल्या. “मला तर सारख्याच वाटतात.”

तो थट्टा करत नव्हता. मी तीन झाकलेले ग्लास मांडले, दोन सारखे आणि एक तापवलेला. काउंटरवरच्या मुलाने वेगळा ग्लास लगेच उचलला. केग धुणाऱ्या मावशींनीही नुसत्या वासावर तोच दाखवला. अकाउंट्सवाल्याने तर नाकच मुरडलं. ब्रूअरचा अंदाज मात्र प्रत्येक वेळी चुकत होता. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, तळहातावर चुरून त्यांची जात ओळखणारा हा माणूस. त्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे आजवर मी…”

त्याला मी मनापासून सांगितलं की यात कसब कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नाही. काही वास काही जणांना येतच नाहीत. मला स्वतःला वाइनमधला व्हायोलेटच्या फुलांचा वास, म्हणजे बीटा-आयोनोन, जवळजवळ जाणवत नाही. वायनरीत त्यासाठी मी कायम शेजारच्या मुलीला विचारायचे. त्याची बिअर उत्तम असते, याबद्दल मला आजही शंका नाही.

मालकांचं म्हणणं, गारच तर द्यायची आहे, कुणाला कळणार? मी बरणी त्यांच्या पुढे धरली. त्यांनी हुंगली आणि म्हणाले, “थांबवा, ताई.” त्या शनिवारी-रविवारी फळ्यावर ब्राऊन एल नव्हती. गिऱ्हाईकं विचारत राहिली, नुकसान झालंच.

टाकी वीस अंशांवर आणली, खाली बसलेलं यीस्ट ढवळून वर घेतलं. पुढे पुन्हा चाचणी केली तेव्हा दोन्ही बरण्या सारख्याच निघाल्या. मग ती एल सावकाश प्यायले: आधी दाणे, मग स्वच्छ टॉफी, आणि शेवट कोरडा, हलक्या कडवटपणाचा. तेलकटपणा कुठेच नव्हता.

बॅचच्या कागदावर आता वासाचा वेगळा रकाना आहे. ब्रूअरने तो स्वतः आखला, आणि त्यात सही करायला तो अकाउंट्सवाल्याला खुर्चीतून उठवून आणतो.