तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन सुरू न करता आतल्या फायली

पुण्याच्या पेठांमधल्या काही छापखान्यांचे, अक्षरजुळणी करणाऱ्यांचे आणि दोन-तीन हिशेबनिसांचे संगणक मी गेली बरीच वर्षे सांभाळतो, आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येतो: "सर, ते आतलं विंडोज सुरूच होत नाही, त्यातल्या फायली तेवढ्या काढून मिळतील का?" आतलं विंडोज म्हणजे व्हर्च्युअल मशीन: खऱ्या संगणकाच्या आत एका प्रोग्रामने चालवलेला आभासी संगणक. पाने जुळवण्याचा पेजमेकर आणि मराठी टंकांची श्री-लिपी यांच्या जुन्या आवृत्त्यांवर ज्यांची शेकडो पुस्तके जुळवलेली आहेत, त्यांनी नवा संगणक घेताना जुना विंडोज एक्सपीचा संगणक मोडीत न काढता तो अख्खाच्या अख्खा एका फाईलमध्ये उतरवून ठेवलेला असतो. पुढे एखाद्या दिवशी बाहेरचे विंडोज बदलते किंवा मशीनच्या मांडणीची फाईल हरवते, आणि आतला संगणक उठायचे नाव घेत नाही.

फायली बहुतेक वेळा मिळतात. पण माझे म्हणणे याच्या थोडे पुढचे आहे. नुसत्या फायलीच हव्या असतील, तर मशीन सुरू होत असले तरीही ते सुरू करू नये. कोणतेही विंडोज उठताना डिस्कवर लिहीतच उठते: पेजफाईल, नोंदवह्या, रजिस्ट्री, अर्धवट राहिलेले अपडेट, आणि मागच्या वेळी नीट बंद झालेले नसेल तर डिस्कची तपासणी आणि तिने परस्पर केलेली 'दुरुस्ती'. चुकून पुसलेली फाईल शोधायची असेल, तर तिच्या मोकळ्या झालेल्या जागेवर या उठाठेवीत दुसरेच काही लिहिले जाण्याची शक्यता खरी असते.

व्हर्च्युअल हार्ड डिस्क ही शेवटी एक साधी फाईल आहे, आणि ती वाचण्यासाठी तिच्यातला संगणक जागा असावा लागत नाही. विंडोजवाल्यांच्या ओळखीचा व्हीएचडी हा प्रकार मुळात कनेक्टिक्स या कंपनीचा. तिचा व्हर्च्युअल पीसी मायक्रोसॉफ्टने २००३ साली विकत घेतला, आणि आजही कोणत्याही व्हीएचडी फाईलच्या शेवटच्या ५१२ बाइटांत त्या जुन्या कंपनीच्या नावाची, एक एन गाळलेली, आठ अक्षरांची खूण सापडते. ठरावीक आकाराच्या व्हीएचडीत या शेपटाखेरीज वेगळे काहीच नसते. बाकी सगळी डिस्क जशीच्या तशी, सेक्टरामागून सेक्टर. वाढत जाणाऱ्या प्रकारात मात्र डिस्क सामान्यतः दोन-दोन एमबीच्या तुकड्यांत साठवलेली असते आणि कोणता तुकडा फाईलमध्ये कुठे आहे याचा तक्ता सुरुवातीला असतो. हा तक्ता वाचू शकणारा कोणताही प्रोग्राम आतले पार्टिशन, म्हणजे फायली ठेवलेला डिस्कचा भाग, दाखवू शकतो.

विंडोजमध्ये ही सोय ७ पासून आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये व्हीएचडी जोडण्याचा पर्याय तेव्हा आला, आणि विंडोज ८ पासून व्हीएचडी किंवा तिची पुढची आवृत्ती व्हीएचडीएक्स (पहिलीची मर्यादा सुमारे दोन टीबी, दुसरीची ६४) हिच्यावर दोनदा क्लिक केले की आतले पार्टिशन नव्या ड्राइव्हसारखे समोर येते. त्यासाठी हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजमधली सोय, लागत नाही, त्यामुळे विंडोजच्या होम आवृत्तीतही हे चालते. ही गोष्ट इतकी सोपी आहे की तिच्यातला धोका लक्षातच येत नाही: दोनदा क्लिक केल्यावर डिस्क जोडली जाते ती वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठीही.

या धोक्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. एका मुद्रकाकडे विंडोज १० वर हायपर-व्ही होते, त्यात एक्सपी, आणि त्या मशीनचा केव्हातरी घेतलेला चेकपॉइंट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची जपून ठेवलेली खूण. चेकपॉइंट घेतला की मूळ डिस्क तिथल्या तिथे गोठवली जाते आणि पुढचे सगळे बदल दुसऱ्या, एव्हीएचडीएक्स नावाच्या फाईलमध्ये साठत जातात. मला हे पुस्तकी ठाऊक होते, पण त्या दिवशी फोल्डरात मोठी दिसली ती फाईल मी दोनदा क्लिक करून उघडली. आत दोन वर्षांपूर्वीची पुस्तके होती, अलीकडचे एकही नाही. मुद्रक घाबरले, मी त्यांना धीर दिला, डिस्क काढली. आणि मग लक्षात आले की जोडल्या-जोडल्या विंडोजने मूळ डिस्कवर आपल्या नोंदी लिहिल्या आहेत आणि दुसरी फाईल आता तिला आपली मूळ डिस्क म्हणून ओळखायला तयार नाही. ओळख जुळत नसली तरी दोन्ही पुन्हा जोडून देणारी पॉवरशेलची (विंडोजला आज्ञा लिहून देण्याच्या साधनाची) एक आज्ञा आहे, आणि बदल किरकोळ असल्याने तिने त्या वेळी काम निभावले. पण मी मूळ डिस्कमधून चार फायली पुसल्या असत्या, तर जोडणी होऊनही आतले काय खरे आणि काय भलतेच, हे कोणालाच सांगता आले नसते.

तेव्हापासूनचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी फोल्डरातल्या सगळ्या फायली तारखांसह पाहायच्या, मूळ डिस्क आणि चेकपॉइंटच्या फायली यांची साखळी असेल तर तिचे शेवटचे टोक कोणते ते ओळखायचे, अख्ख्या फोल्डरची प्रत काढायची, आणि मग डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' जोडायची. डिस्क मॅनेजमेंटच्या चौकटीत त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. डिस्कपार्ट या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्राममध्ये आणि पॉवरशेलमध्येही तसे सांगता येते. साखळीचे टोक हायपर-व्हीच्या पॉवरशेल आज्ञेने जोडले की ती मागच्या सगळ्या कड्या आपसूक जुळवून घेते. अर्थात त्या जागच्या जागी असल्या तर. जोडताना कधी विंडोज तक्रार करते की फाईल संकुचित, कूटबद्ध किंवा विरळ साठवलेली असता कामा नये. तेव्हा फाईलमध्ये बिघाड शोधत बसू नये, ती एखाद्या साध्या फोल्डरात नव्याने उतरवावी.

डिस्क जोडली गेली तरी आत शिरताना आणखी एक अडसर येतो. जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडले की विंडोज म्हणते, तुम्हाला परवानगी नाही, पुढे जायचे असल्यास बटण दाबा. हे बटण दिसते निरुपद्रवी, पण ते दाबल्यावर त्या फोल्डरातल्या फायलींच्या परवानग्या कायमच्या बदलल्या जातात. डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडलेली असली की हा बदल होऊच शकत नाही, आणि मग लोक म्हणतात की आता फायली निघणार तरी कशा. त्यावर रोबोकॉपी हा विंडोजसोबतच येणारा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बॅकअपच्या पद्धतीने चालवावा. तो परवानग्यांना हात न लावता फायली उचलून आणतो.

चालू संगणकाचीच डिस्क डिस्क-टू-व्हीएचडी या प्रोग्रामने व्हीएचडीत उतरवलेली असेल आणि ती त्याच संगणकावर जोडली, तर दोन डिस्कांची सही (विंडोज डिस्क ज्यावरून ओळखते तो क्रमांक) सारखी निघते आणि विंडोज नवी डिस्क 'ऑफलाइन' ठेवते. तिला उत्साहाने ऑनलाइन केले की विंडोज तिची सही बदलून टाकते. फायली दिसतात, पण त्या प्रतीवरून पुढे कधी मशीन सुरू करायचे ठरवले, तर बूट करणारा भाग जुनीच सही शोधत बसतो. म्हणून असली डिस्क मी नेहमी दुसऱ्या संगणकावर उघडतो.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या इतर प्रोग्रामांची डिस्क, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, व्हीएमवेअरची व्हीएमडीके किंवा क्यूईएमयूची क्यूकाऊ-२ असेल तर विंडोज स्वतःहून काही करत नाही. दोन-चार फायलींचेच काम असेल तर सेव्हन-झिप या फायली दाबण्या-उलगडण्याच्या प्रोग्रामने अशी डिस्क उघडून पाहावी. आतली पार्टिशने त्यात फायलींसारखी दिसतात आणि त्यांवर क्लिक करत आत जाता येते. सेव्हन-झिप अशा डिस्कांतून फक्त वाचतो, लिहीत नाही, हा त्याचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण. मात्र स्नॅपशॉटची, म्हणजे चेकपॉइंटसारखीच, साखळी असेल तर त्याच्यावर विसंबू नये. समोर आलेले चित्र जुने असू शकते आणि तसे कोणी सांगत नाही.

खरे सुख लिनक्सवर आहे. क्यूईएमयूसोबत येणारा क्यूईएमयू-एनबीडी हा प्रोग्राम वर सांगितलेले व्हीएचडी, व्हीएचडीएक्स, व्हीडीआय, व्हीएमडीके आणि क्यूकाऊ-२ हे प्रकार वाचतो आणि फाईल एखाद्या खऱ्याखुऱ्या डिस्कसारखी लिनक्सपुढे उभी करतो. मग पार्टिशन नेहमीच्या पद्धतीने माउंट करायचे, म्हणजे एका फोल्डराला जोडायचे. त्याहून सोयीचा लिबगेस्टएफएस हा संच, आणि त्यातली गेस्टमाउंट ही आज्ञा: डिस्कची फाईल दाखवा, आतली मांडणी तिलाच ओळखू द्या, फक्त वाचायचे आहे असे सांगा, आणि एका रिकाम्या फोल्डरात आतला सगळा संसार उघडा होतो. गंमत अशी की हे करण्यासाठी लिबगेस्टएफएस सहसा स्वतःचे एक छोटेसे व्हर्च्युअल मशीन पडद्यामागे सुरू करतो. तुमचे मशीन बंदच राहते, त्याचे जागे असते. हा आडमार्ग वाटतो, पण अनोळखी डिस्कमधली बिघडलेली किंवा मुद्दाम बिघडवलेली मांडणी थेट तुमच्या संगणकाच्या कर्नलपुढे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापुढे, येऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा आहे.

लिनक्सवर 'फक्त वाचण्यासाठी' या शब्दांचा अर्थही जरा तपासून घ्यावा लागतो. ईएक्सटी-४ या लिनक्सच्या मांडणीचे पार्टिशन नीट बंद झालेले नसेल, तर तसे सांगूनही माउंट करताना त्याचे जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरवले जाते. ते नको असेल तर जर्नल वाचूच नये असा वेगळा पर्याय द्यावा लागतो. एक्सएफएस या दुसऱ्या मांडणीलाही तसाच वेगळा पर्याय आहे. म्हणून मी डिस्कच्या पातळीवर, म्हणजे क्यूईएमयू-एनबीडीलाच, लिहिण्याची बंदी घालतो. मग वरच्या थरांनी काहीही ठरवले तरी मूळ फाईलपर्यंत ते पोहोचत नाही.

दोन प्रसंगी मात्र मी डिस्कला हातच लावत नाही. मशीन चालू असेल तर तिची डिस्क बाहेरून जोडू नये, कारण दोन संगणक एकाच डिस्कवर एकमेकांना न विचारता लिहू लागले की फायलींची मांडणी विस्कटायला वेळ लागत नाही. आणि मशीन बंद न करता 'सेव्ह' करून ठेवलेले असेल तर तेही चालूच समजावे: त्याच्या गोठवलेल्या मेमरीत डिस्कचे जुने चित्र असते, आणि तुम्ही बाहेरून बदल केल्यावर ते जागे झाले तर आपल्या जुन्याच समजुतीने लिहू लागते. बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कूटबद्ध करण्याच्या सोयीने, कुलूपबंद केलेली डिस्क हा निराळा विषय. ४८ आकड्यांची रिकव्हरी की असेल तर ती बाहेरूनही उघडते, आणि पासवर्ड किंवा की यांपैकी काहीच नसेल तर माझ्याकडे फेऱ्या मारून उपयोग नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

फाईल मिळणे आणि फाईल वाचता येणे यांतले अंतर मराठी छापखान्यांइतके क्वचितच कोणाला जाणवत असेल. वर सांगितलेल्या मुद्रकांना पेजमेकरच्या सगळ्या फायली मिळाल्या, पण नव्या संगणकावर त्या उघडणार कशात? पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्या फायली उघडत असत; नंतरच्या उघडत नाहीत. शिवाय मजकूर युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती येण्याआधीच्या मांडणीतला, म्हणजे तो टंक नसेल तर 'ज्ञानेश्वरी'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसायचा. शेवटी मशीन सुरू करावेच लागले, पण ते काढून ठेवलेल्या प्रतीवरून आणि इंटरनेट तोडून. त्या एक्सपीत बसून त्यांचा मुलगा एकेक पुस्तक उघडतो आणि पीडीएफ करून बाहेर आणतो. कथा-कादंबऱ्या संपल्या आहेत. पंचांगांचे आणि एका जाडजूड शब्दकोशाचे काम अजून चालू आहे.