पार्मोवरचं चीज

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टन आणि तिथे गाडी बदलून मिडल्सब्रो. भाचा टीसाइड विद्यापीठात शिकतो, त्याच्याकडे चार दिवस गेले होते. टीस नदीवरचा 1911 सालचा निळा ट्रान्सपोर्टर पूल मला बघायचा होता. पण स्टेशनवरच तो म्हणाला, "आत्या, पूल उद्या. आज पार्मो."

पार्मो हा या गावाचा जीव की प्राण. चिकनचा तुकडा ठोकून ठोकून ताटाएवढा चपटा करतात, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. त्यावर बेशामेल, म्हणजे लोणी, मैदा आणि दुधाचा दाट पांढरा सॉस. वर मूठमूठ किसलेलं चीज, आणि मग सगळं ग्रिलच्या आचेखाली. पिझ्झाच्या खोक्यातून मिळतो, सोबत चिप्स, सॅलड आणि लसणाचा सॉस. निकोस हॅरिस नावाचा अमेरिकन सैन्यातला आचारी युद्धानंतर इथे स्थायिक झाला आणि 1958 च्या सुमारास लिंथॉर्प रोडवरच्या आपल्या खानावळीत त्याने हा पदार्थ सुरू केला, असं गावात सांगतात. तेव्हा तो डुकराच्या मांसाचा असे. पार्मो हे 'पार्मेझान'चं लाडकं रूप.

खोकं उघडलं आणि माझं लक्ष त्या नावावरच अडकलं. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली. दूध, लोणी, चीज समोर आलं की हात आपोआप तपासायला जातो. आणि हे पार्मेझान नव्हतं. पार्मेझान किमान 12 महिने मुरवलेलं, कोरडं, कणीदार चीज. ग्रिलखाली ते करपून खमंग होतं, पण असं वाहत नाही. इथे तर चीज कडेपर्यंत पसरून सोनेरी फोड धरून बसलं होतं.

मग मोझरेला? काट्याने उचलून पाहिलं. बोटभर तार आली आणि तुटली. मोझरेलाचं दही गरम पाण्यात ताणून मळतात, त्यामुळे त्याच्या आत धागे तयार होतात आणि तार हातभर निघते. ही तशी नव्हती. जिभेवर आधी लोण्यासारखी चव, मग मागून हलकी आंबट. ती आंबट चव मी डोळे मिटूनही ओळखते. चेडर! आपल्याकडच्या चीज क्यूबच्या मुळाशीही बहुधा चेडरच असतं, म्हणून ती चव इतकी घरची वाटली.

पण जुनं चेडर नक्कीच नाही. चेडर जसं मुरतं तशी त्यातली प्रथिनं तुटत जातात. मग तापवलं की फॅट वेगळं होऊन वर तुपासारखं तरंगतं. इथे तेल जेमतेम सुटलं होतं. काही श्रेय खालच्या सॉसला: त्यातला मैदा फॅट धरून ठेवतो. तरी माझा अंदाज दोन-चार महिन्यांच्या कोवळ्या चेडरचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना त्याच दुकानात गेलो. काउंटरमागचे काका मीरपूरकडचे, त्यामुळे हिंदी-उर्दूत छान जमलं. मी काय विचारतेय हे कळल्यावर त्यांनी फ्रीजमधून पिशवीच आणून दाखवली: किसलेलं पांढरं माइल्ड चेडर. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोनदा आभार मानले. ते म्हणाले, काही दुकानं मोझरेला मिसळतात, तार दिसते म्हणून गिऱ्हाइकाला आवडतं, पण चव पातळ होते. मला ते पटलं. संध्याकाळी दुसऱ्या दुकानातला पार्मो आणला, त्याला खरंच लांब तार आली आणि ती आंबट चव कुठेतरी मागे राहिली.

तिसऱ्या दिवशी भाच्याच्या स्वयंपाकघरात पावाच्या तीन तुकड्यांवर बेशामेल लावून तीन चिजं ग्रिलखाली ठेवली. पार्मेझान कडक पापुद्रा झालं. जुन्या चेडरच्या कडेने पिवळं तेल सुटलं, चव मात्र जबरदस्त. कोवळं चेडर एकसारखं पसरलं, फोड आले, अगदी पहिल्या खोक्यातल्यासारखं. भाच्याने तिन्ही खाऊन चौथा तुकडा केला: निम्मं जुनं, निम्मं कोवळं. तो सगळ्यात चांगला लागला. मी घरी हाच करणार आहे.

मिडल्सब्रोला गेलात तर पहिला पार्मो साधाच मागा. 'हॉट शॉट' म्हणून पेपरोनी, मिरची, कांदा घातलेला मिळतो, तोही चांगला असतो, पण त्यात चीज कळत नाही. आणि थोडा तुकडा सकाळसाठी ठेवा. गार झालेलं चेडर दातांखाली सहज तुटतं, मोझरेला चिवट होतं. कुठल्या पिशवीतलं आहे ते तेव्हा न विचारताच कळतं.