बालाघाटच्या पायऱ्या नकाशावर आणताना : कामाची सद्यःस्थिती

बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा परिसरातील बालाघाट डोंगररांगेच्या उत्तर कड्याचा भूशास्त्रीय नकाशा आता समोच्च रेषांच्या (समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांच्या) पुढच्या टप्प्यावर आला आहे. या भागाची विमानातून टिपलेली लायडार (लेसरने केलेल्या उंचीमोजणीची) माहिती हाती नसल्यामुळे पाया म्हणून कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचे ३० मीटर जाळीचे उंचीचे प्रारूप घेतले असून, ते आइससॅट-२ या २०१८ साली सोडलेल्या उपग्रहाच्या लेसर नोंदींशी ताडून पाहत आहे.

कोपर्निकसचे प्रारूप रडारच्या मोजणीवर उभे असल्याने त्यात झाडांची व घरांची उंचीही काही प्रमाणात मिसळलेली असते. आइससॅटच्या भूपृष्ठविषयक नोंदींत मात्र जमीन आणि झाडोरा वेगळे केलेले असतात. हे लेसर सहा किरणांच्या बारीक रेषांवरच मोजते आणि किरणांच्या जोड्यांमध्ये सुमारे ३.३ किलोमीटरचे अंतर असते, त्यामुळे त्यातून सलग नकाशा निघत नाही. मात्र पडताळणीसाठी ते पुरेसे आहे. दाट ढगांतून लेसर पार होत नसल्याने पावसाळ्यातील नोंदी मी बहुधा वगळतोच. कोपर्निकसची उंची जिऑइडपासून (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठापासून), तर लेसरची लंबवर्तुळाभापासून (पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून) दिलेली असते आणि आपल्याकडे या दोहोंत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो, म्हणून तुलनेआधी दोन्ही एकाच आधारावर आणणे अनिवार्य आहे.

खरी गंमत उताराच्या नकाशात आहे. दख्खनचे लाव्हा प्रवाह जवळजवळ आडवे असल्याने त्यांच्या सीमा समोच्च रेषांना धरून चालतात. प्रवाहाचा घट्ट काळा पाषाण कडा म्हणून उभा राहतो, तर विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र, मऊ थर झिजून सपाट पायरी तयार होते. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उतार रंगवला की हे पट्टे ओढ्यांच्या वळणांसह दूरवर उमटलेले दिसतात. तरीही प्रत्येक पायरी म्हणजे प्रवाहाची सीमा नव्हे, कारण एकाच संयुक्त (अनेक लहान खंडांनी बनलेल्या) प्रवाहातील लाव्हाखंडही तसाच आकार देतात आणि पायथ्याची दरड खरी सीमा झाकून टाकते.

थरांचा कल (आडव्या पातळीशी होणारा कोन) काढताना एकाच पायरीवरील दूरदूरच्या बिंदूंमधून प्रतल, म्हणजे सपाट पृष्ठ, बसवतो. येथे अंतराला मोठे महत्त्व आहे : बिंदू एक किलोमीटरवर असतील, तर उंचीतील चार मीटरांची चूक कलात सुमारे पाव अंशाची भर घालते, आणि येथील मूळ कलच बहुधा एका अंशाच्या आत असल्याने असा निष्कर्ष निरर्थक ठरतो, पाच किलोमीटरवर मात्र तीच चूक अंशाच्या विसाव्या भागाहून कमी उरते. त्यामुळे जवळच्या बिंदूंवरून काढलेले कल मी नकाशात घेतलेले नाहीत.

या जाळीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. दोन प्रवाहांमधला पातळ, मातकट तांबडा थर तिच्यात दिसणे अशक्य आहे, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपात उमटलेल्या उंचवट्यासारखी सूक्ष्म रचना टिपायची तर विमानातील किंवा ड्रोनवरील लायडारच हवे.

पुढचे काम घाटरस्त्याच्या कापणीतले आहे. तेथे तांबडा थर प्रत्यक्ष दिसेल तेवढीच सीमा अखंड रेषेने काढणार असून, केवळ उतारावरून ओळखलेल्या बाकीच्या सीमा तुटक रेषेनेच राहतील.