जर्मनी आणि ब्रिटन : नायट्रस ऑक्साइडचा हिशेब मांडताना

तळोज्याला नायट्रिक अ‍ॅसिडच्या प्लांटवर शिफ्ट करायचो तेव्हा चिमणीकडे सगळ्यांचं लक्ष असायचं ते तपकिरी धुरासाठी. नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची इतर ऑक्साइडं, वाढली की रंग दिसतो आणि लगेच फोन वाजतात. नायट्रस ऑक्साइडला रंगच नाही, त्यामुळे तो निघून गेलेला कुणाला कळत नाही. प्लॅटिनमच्या जाळीवर अमोनिया जळताना त्याचा थोडा भाग या वायूत जातो, आणि जाळी जुनी होत गेली की हे प्रमाण वाढतं. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या २६५ टनांइतकी पृथ्वी तापवतो. पुढे जर्मनीत मास्टर्सला आलो तेव्हा प्रोजेक्टसाठी मी हाच वायू निवडला : जर्मनी आणि ब्रिटनच्या कारखान्यांतून १९९० पासून तो किती बाहेर पडला, याची तुलना.

दोन्ही देश संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली दरवर्षी उत्सर्जनाची राष्ट्रीय यादी देतात. तक्ते सगळ्यांना खुले आहेत. पण दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. देशाच्या आजच्या एकूण आकड्यात सर्वांत मोठा वाटा शेतजमिनीचा, म्हणजे खतांचा आणि शेणखताचा. कारखाने त्यात बुडून जातात. भूल देण्याचा आणि फेटलेल्या क्रीमच्या डब्यांतला वायू आणखी वेगळ्या शीर्षकाखाली येतो. मी नायट्रिक आणि अ‍ॅडिपिक या दोन अ‍ॅसिडांचे कारखाने एवढंच घेतलं.

मग एककाचा प्रश्न. कार्बन डायऑक्साइडशी तुलना करायचा गुणक जुन्या अहवालांत ३१० आहे, नंतर २९८, आता २६५. म्हणजे चिमणीतून तेवढाच वायू गेला तरी अहवालागणिक आकडा बदलतो. म्हणून सगळं काम नायट्रस ऑक्साइडच्या टनांतच करायचं ठरवलं. शिवाय नव्या अहवालात १९९० पर्यंतची मागची वर्षंही पुन्हा मोजली जातात, तेव्हा दोन्ही देशांचे अहवाल एकाच वर्षी सादर झालेले हवेत. हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो.

खरी अडचण अ‍ॅडिपिक अ‍ॅसिडची. हा नायलॉनचा कच्चा माल. तो बनवताना नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात, आणि काही उपाय केला नाही तर टनामागे सुमारे ३०० किलो नायट्रस ऑक्साइड निघतं. नियंत्रण नसलेल्या नायट्रिक अ‍ॅसिड प्लांटमध्ये हेच प्रमाण टनामागे साधारण ५ ते ९ किलो धरतात. साहजिकच एकदोन कारखाने अख्ख्या देशाचा आलेख वर-खाली करतात. आणि नेमके कारखाने इतके कमी असले की उत्पादनाचा आकडा व्यापारी गुपित ठरतो. तक्त्यात त्या जागी फक्त ‘सी’ (कॉन्फिडेन्शियल, म्हणजे गोपनीय) हे अक्षर येतं.

युरोपच्या प्रदूषण नोंदवहीत कारखान्यागणिक आकडे मिळतात. वर्षाला १० टनांहून जास्त नायट्रस ऑक्साइड सोडणाऱ्या कारखान्यांना नोंद करावी लागते. पण या नोंदी २००७ पासूनच्या आणि मोठी घसरण १९९०च्या दशकातली. शेवटी तक्ते बाजूला ठेवून राष्ट्रीय अहवालांचे शेकडो पानांचे मजकूर वाचायला बसलो, आणि उत्तर तिथेच मिळालं.

जर्मनीत अ‍ॅडिपिक अ‍ॅसिडच्या दोन जुन्या उत्पादकांनी १९९४ आणि १९९७ मध्ये वायू फोडणारी यंत्रणा बसवली. कारखाने चालू राहिले, उत्सर्जन कोसळलं. पण यंत्रणा दुरुस्तीला थांबली की वायू तसाच बाहेर जायचा, म्हणून त्यांतल्या एका कारखान्यात, क्रेफेल्ड-युर्डिंगनला, २००९ मध्ये जोडीला दुसरी यंत्रणा उभी राहिली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. प्लांटवर काम केलेल्या माणसाला माहीत असतं की उपाय कितीही चांगला असला तरी खरा प्रश्न असतो तो किती तास चालू राहतो हाच.

ब्रिटनमध्ये हे अ‍ॅसिड एकाच ठिकाणी बनायचं, ईशान्य इंग्लंडमधल्या विल्टनला. यंत्रणा १९९८ ची. त्यापुढच्या वर्षांत ब्रिटनचा आलेख मध्येच उसळी घेतो, कारण यंत्रणा त्या-त्या वर्षी किती काळ चालली यावर सगळं अवलंबून होतं. २००९ मध्ये कारखाना बंदच झाला आणि रेषा तळाला गेली.

नायट्रिक अ‍ॅसिडचं गाडं दोन्हीकडे उशिरा हललं. जर्मनीने २००२ मध्ये हवेच्या नियमावलीत घनमीटरला ०.८ ग्रॅमची मर्यादा घातली. २०१३ पासून हा वायू युरोपच्या कार्बन बाजारात, म्हणजे उत्सर्जनाला किंमत लावणाऱ्या व्यवस्थेत, आला आणि तेव्हा ब्रिटनही त्यात होता. उपाय ओळखीचा होता : जाळीखालच्या बास्केटमध्ये हा वायू फोडणाऱ्या उत्प्रेरकाचा एक थर. इतकी साधी गोष्ट पैशाचं कारण मिळेपर्यंत अडून राहिली, याची मला आजही चीड येते.

अंतिम तक्त्यात मी घटीचे दोन रकाने केले : यंत्रणेमुळे झालेली आणि कारखाना बंद पडल्यामुळे झालेली. ब्रिटनने नायलॉन वापरणं सोडलेलं नाही. अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड बाहेर बनलं की त्याचा वायू दुसऱ्या देशाच्या यादीत जातो. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने लुडविग्सहाफेनमधलं अ‍ॅडिपिक अ‍ॅसिडचं उत्पादन २०२५ मध्ये थांबवण्याचं जाहीर केल्यावर जर्मनीच्या ओळीतही तो दुसरा रकाना उघडावा लागला.